पंधरा थाऊची फट

जुन्या बुलेटवर बसलेला माणूस किक मारण्याआधी रस्त्याकडे बघत नाही. तो बघत असतो हेडलाइटच्या वर बसवलेल्या छोट्या अँपिअर मीटरकडे. चावी फिरवलेली असते, डाव्या हाताच्या बोटांत सिलिंडरमधला दाब सोडणारी डीकंप्रेशनची दांडी असते आणि उजवा पाय किक सावकाश खाली नेत असतो. मीटरचा काटा मध्यावरून एका बाजूला कलतो. किक आणखी थोडी खाली जाते आणि काटा टुणकन मध्यावर परत येतो. मग किंचित पुढे, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि एकच दणका. गाडी सुरू. बघणाऱ्याला हा सगळा मंत्रतंत्राचा प्रकार वाटतो. तो काटा बॅटरीचा, एवढंच त्याला माहीत असतं.

काटा बॅटरीचाच आहे, पण त्या क्षणी तो बातमी देतो पॉईंटची. काटा कलला म्हणजे पॉईंट मिटले आणि कॉइलमधून करंट वाहू लागला. मध्यावर आला म्हणजे पॉईंट उघडले, करंट तुटला आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याशी पोहोचला. डीकंप्रेशन दाबून त्याला माथ्यापलीकडे नेलं की पुढचं कॉम्प्रेशन यायच्या आत फ्लायव्हीलला पळायला जवळजवळ दोन फेरे मिळतात. ज्याला हे कळलं तो एका किकमध्ये गाडी सुरू करतो. ज्याला नाही कळलं तो चौकात घाम पुसत उभा राहतो, आणि मग शिव्या देतो त्या पॉईंटलाच.

या शिव्यांबद्दल माझी तक्रार आहे. गेली काही वर्षं जुन्या मोटरसायकलींच्या मागे गॅरेज पालथी घालताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पॉईंटच्या नावावर फोडलेली खापरं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची असतात. कंडेन्सरची असतात, सैल अर्थची असतात, बाजारातल्या फालतू मालाची असतात. आणि सगळ्यात जास्त, गॅप आणि टायमिंग म्हणजे एकच असं समजणाऱ्या हातांची असतात.

आधी वस्तू काय आहे ते बघू. पॉईंट म्हणजे समोरासमोर बसवलेल्या टंगस्टनच्या दोन टिकल्या, प्रत्येकी चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या. एक प्लेटवर पक्की, दुसरी स्प्रिंगच्या हातावर हलणारी. त्या हाताला फायबरची एक टाच असते, ती फिरणाऱ्या कॅमवर टेकलेली. कॅमचा उंचवटा आला की टाच उचलली जाते आणि टिकल्या उघडतात, उंचवटा गेला की मिटतात. बस्स. यात कळण्यासारखं अवघड काही नाही, आणि म्हणूनच शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ठरलेली ही रचना आपल्या आजोबांच्या, वडिलांच्या आणि काही प्रमाणात आपल्याही गाड्यांत तशीच राहिली.

टिकल्या मिटलेल्या असताना बॅटरीचा करंट इग्निशन कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यातून जातो आणि तिथे चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. टिकल्या उघडताच करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं, आणि कॉइलमधल्या हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब तयार होतो. तो प्लगच्या टोकावर ठिणगी होऊन बाहेर पडतो. बॅटरी सहा व्होल्टची असो की बारा, ठिणगी पडते ती करंट तुटताना. जोडताना नाही. अर्धे नवशिके मेकॅनिक इथेच चुकतात. पॉईंट मिटतात त्या क्षणाला ते टायमिंग समजतात.

आता घरातला नळ जोरात वाहत असताना एकदम बंद केला तर पाइप धाडकन हादरतो. वाहतं पाणी एकाएकी थांबायला तयार नसतं. कॉइलमधला करंटही तसाच हट्टी. टिकल्या उघडू लागल्या तरी त्यांच्यामधल्या हवेतून उडी मारून तो वाहत राहायला बघतो. त्याला क्षणभर थांबायला जागा म्हणून पॉईंटला समांतर एक कंडेन्सर जोडलेला असतो, बोटाच्या पेराएवढा, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा. तो नसेल किंवा मेला असेल तर दोन गोष्टी होतात. पॉईंटमध्येच ठिणग्या उडून टिकल्या जळतात, आणि करंट झटक्यात न तुटल्यामुळे प्लगला मिळते ती दुबळी, पिवळट ठिणगी. पॉईंट जळलेला दिसतो म्हणून माणूस पॉईंट बदलतो. कंडेन्सर जागचा हलत नाही. महिन्याभरात पॉईंट पुन्हा जळतो.

ही रचना अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगची. त्याची बॅटरी आणि कॉइलची व्यवस्था १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत आली. त्याआधी जर्मनीत बॉश कंपनीच्या गोटलोब होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो बनवला होता, त्यातही पॉईंट होतेच. फक्त करंट बॅटरीऐवजी चुंबकातून यायचा. पुढे मोटरसायकलींनी कधी हा मार्ग धरला, कधी तो. आपल्याकडे दोन्ही आले. मद्रास मोटर्सने इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डशी १९५५ मध्ये हात मिळवला आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला बुलेट जोडल्या जाऊ लागल्या. १९६२ पर्यंत तिचे सगळे भाग भारतात बनू लागले. रेडिचची मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण इथली बुलेट मात्र ओतीव लोखंडाचं तेच इंजिन आणि तेच पॉईंट घेऊन धावत राहिली. म्हैसूरला आयडियल जावाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जावा आणि १९७३ पासून येझदी काढली, १९९६ मध्ये तिचा कारखाना थांबला. एस्कॉर्ट्सची राजदूत गावोगावच्या दूधवाल्यांनी दोन्ही बाजूंना कॅन लटकवून वापरली. आणि १९७२ मध्ये आली आपल्या मराठी मुलखातली लुना, पुण्याच्या कायनेटिकची. तिच्या फ्लायव्हीलच्या आतही पॉईंट. बजाजच्या जुन्या स्कूटरींचीही तीच कथा. १९८५ च्या आसपास शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या सीडीआय, म्हणजे पॉईंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, घेऊन येईपर्यंत महाराष्ट्रात दुचाकीवर बसलेला जवळपास प्रत्येक माणूस पॉईंटवरच बसलेला होता, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर हे ओतकामाचं आणि लेथचं गाव. ऑइल इंजिनांच्या काळापासून इथल्या हातांना हजारांश इंचाची भाषा येते. तिथल्या एका बोळातल्या गॅरेजमध्ये साठी ओलांडलेले एक मिस्त्री जुन्या बुलेट बघतात. मी गेलो तेव्हा एक तरुण सेकंडहँड घेतलेली गाडी ढकलत घेऊन आला होता. तक्रार ठरलेली: सकाळी थंडीत एका किकला सुरू, पंधरा-वीस किलोमीटर गेलं की बंद, अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू.

"काय काय बदललंयस आत्तापतूर?" मिस्त्रींनी विचारलं.

"प्लग बदललाय मामा. कार्बोरेटर दोन डाव साफ केलाय. आणि पॉईंट तर दोनदा टाकला, तरीबी तसंच हाय."

"आणि कंडेन्सर?"

पोरगा गप्प.

बुलेटचा पॉईंट असतो उजव्या बाजूला, सिलिंडरच्या मागे, एका गोल झाकणाखाली. मिस्त्रींनी झाकण काढलं, चावी चालू केली आणि लाकडी काडीने हलणारा हात अलगद उचलून सोडला. टिकल्यांमध्ये लख्ख निळी-पांढरी ठिणगी उडाली. "ही बघ. ही हितं पडायला नको, प्लगला पडाय पाहिजे." मग पॉईंट सोडवून तळहातावर घेतला. दोनशे किलोमीटरही न चाललेल्या त्या नव्या पॉईंटच्या एका टिकलीवर टेंगूळ आलं होतं आणि दुसरीवर तेवढाच खड्डा. एका टिकलीवरचा धातू वितळून दुसरीवर जाऊन बसतो, तेव्हा असं होतं. कंडेन्सरची क्षमता बरोबर नसली किंवा तो आतून गळत असला की हे हमखास. थंड असताना कंडेन्सर तग धरतो, इंजिनाची उष्णता चढली की आतलं इन्सुलेशन दगा देतं. म्हणून सकाळी गाडी शहाणी आणि दुपारी वेडी.

मिस्त्रींनी कंडेन्सरबरोबर पॉईंटही नवा घेतला. नवा पॉईंट बसवणं हे काम पाच मिनिटांचं वाटतं आणि तिथेच घात होतो. पॉईंटच्या स्प्रिंगचं टोक, कॉइलकडून आलेली वायर आणि कंडेन्सरची पट्टी, या तिन्हींनी एकमेकांना चिकटून राहायचं असतं. पण ज्या खांबावर ही सगळी मंडळी नटाखाली आवळली जातात, तो खांब आणि प्लेट मात्र गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला जोडलेली. दोघांच्या मध्ये फायबरचे किंवा प्लास्टिकचे वॉशर आणि एक बारीक नळी असते. यातला एक वॉशर उलटसुलट बसला, किंवा काढताना मातीत पडला आणि सापडलाच नाही, की स्प्रिंग थेट अर्थ होते. मग पॉईंट उघडो की मिटो, करंट तुटतच नाही आणि प्लग कोरडा ठणठणीत. गाडीत नवा पॉईंट, नवा कंडेन्सर, नवा प्लग, सगळं नवं, आणि गाडी मेलेली. मिस्त्री वॉशर काढताना ओळीने एका कापडावर मांडतात, ज्या क्रमाने काढले त्याच्या उलट्या क्रमाने परत जातात. तेवढा वेळ ते कुणाशी बोलत नाहीत, आलेला चहाही तसाच राहतो.

नव्या पॉईंटच्या टिकल्यांवर गंज चढू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा पातळ थर येतो. तो पुसला नाही तर करंट अडतो. मिस्त्रींनी पेट्रोलमध्ये बुडवलेली चिंधी फिरवली आणि मग कोऱ्या कागदाचा तुकडा मिटलेल्या टिकल्यांतून दोनदा ओढून काढला. कागद काळा निघाला, दुसरा घेतला, तो पांढरा निघाला तेव्हा थांबले. गॅरेजमध्ये सर्रास पॉलिश पेपर घासतात, त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, रस्त्यात अडलं तर चालतंय, पण त्याची वाळू टिकलीत रुतून बसते. घासायचंच असेल तर बारीक कानस किंवा ऑइल स्टोन, आणि तोही समोरासमोर सपाट बसेल असा. तिरप्या घासलेल्या टिकल्या एका कडेवरच भेटतात आणि तिथेच जळतात. मग टाचेखाली कॅमवर ग्रीसचा जेमतेम डाग. जास्त लावला तर तो उडून टिकल्यांवर जातो.

मग गॅप. इंजिन हाताने फिरवत टाच कॅमच्या सर्वांत उंच जागी आणायची, म्हणजे पॉईंट जास्तीत जास्त उघडा असेल. त्या फटीत फिलर गेजची पट्टी सरकली पाहिजे, अडखळत नाही आणि ढिलीही नाही, किंचित घासत. बुलेटला ही फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, मिलिमीटरमध्ये ०.३८ च्या आसपास. पक्क्या टिकलीचा स्क्रू सैल करून ती सूतभर मागेपुढे करायची, स्क्रू आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण आवळताना फट बदलते. बदलतेच. मिस्त्रींनी आवळल्यावर पुन्हा मोजली तेव्हा दोन थाऊंनी कमी भरली होती. परत सैल, परत आवळली. फिलर गेज नसेल तर जुने लोक व्हिजिटिंग कार्ड वापरतात. रस्त्यावर ते घरी पोहोचवतं, पण गॅरेजमध्ये कुणी कार्डाने गॅप लावत असेल तर तिथून गाडी काढून घ्यावी.

फट कमी असेल तर पॉईंट जास्त वेळ मिटलेले राहतात, कॉइल तापते, टिकल्या जळतात आणि ठिणगी उशिरा पडते. जास्त असेल तर पॉईंट लवकर उघडतात, ठिणगी लवकर पडते, आणि वेगात कॉइल पुरती भरायला वेळच मिळत नाही, मग मिस मारते. म्हणजे गॅप बदलला की टायमिंग आपोआप बदलतं. टायमिंग बदललं म्हणून गॅप बदलत नाही. म्हणून क्रम एकच: आधी गॅप, मग टायमिंग. ज्या गॅरेजात गॅप कमीजास्त करून गाडीचा आवाज बघतात, तिथे दोन्ही बिघडवण्याचं काम चालतं.

टायमिंग म्हणजे पॉईंट नेमके केव्हा उघडायचे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात जळून जात नाही, त्याला वेळ लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचायच्या थोडं आधी ठिणगी पडायला हवी, आणि इंजिन जितकं वेगात तितकी आणखी आधी. बुलेटमध्ये पॉईंटच्या प्लेटखाली दोन वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकवतात. गाडी उभी असताना ती मिटलेली असतात, आणि त्या अवस्थेत पिस्टन माथ्याच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे असताना पॉईंट उघडायला लागले पाहिजेत. पिस्टन दोनदा माथ्यावर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला, त्यामुळे दोन्ही वॉल्व्ह बंद असलेला फेरा निवडावा लागतो.

उघडण्याचा नेमका क्षण पकडायला मिस्त्री सिगारेटचा पातळ कागद वापरतात. टिकल्यांमध्ये कागद अडकवायचा, त्याला हलका ताण द्यायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचं. कागद सुटतो त्या जागी पॉईंट उघडला. कागद नको असेल तर बल्ब आहे: पॉईंटच्या वायरपासून अर्थपर्यंत जोडलेला बल्ब टिकल्या उघडताच पेटतो. आणि दोन्ही नको असेल तर चावी चालू करून अँपिअरचा काटा बघा, सुरुवातीला सांगितलेलाच. मिस्त्रींनी प्लेटचे दोन स्क्रू ढिले केले, प्लेट केसभर फिरवली, कागद ओढला. सुटला नाही. आणखी केसभर. सुटला. स्क्रू आवळले आणि सगळं पुन्हा तपासलं. मग बोटांच्या चिमटीत कॅम धरून पुढे ढकलला आणि सोडला. तो चटकन मागे आला. हे न करता पॉईंटचं झाकण लावू नये. वजनं गंजून पुढेच अडकली असतील तर किक मारताना ठिणगी फार लवकर पडते, पिस्टन उलटा फिरतो आणि किक घोट्याला असा हिसका देते की माणूस महिनाभर लंगडतो. बुलेटच्या किकने मोडलेल्या पायांच्या गोष्टी कोल्हापुरात प्रत्येक तालमीत ऐकायला मिळतात. त्यातले बरेच पाय या गंजलेल्या वजनांनीच मोडले असावेत.

तरुणाची गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. मिस्त्रींनी पैसे घेतले पॉईंटचे, कंडेन्सरचे आणि मजुरीचे. उतरवलेला पॉईंट त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो टूल बॉक्समधी टाक. उपेगी पडंल."

पॉईंट मिळतात कुठे? पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात, आणि खरं तर जुन्या गाड्यांचे सुटे भाग ठेवणाऱ्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या धुळकट दुकानात. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "ओरिजिनल देऊ की चालणारा?" चालणारा स्वस्त असतो आणि फार चालत नाही. त्यातली टाच मऊ फायबरची असते, काहीशे किलोमीटरमध्ये झिजते. टाच झिजली की फट मिटत जाते, टायमिंग मागे पडतं आणि गाडी हळूहळू दमल्यासारखी होते. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण एका दिवसात काहीच बदललेलं नसतं. स्प्रिंग कमजोर असेल तर वेगात हात कॅमवरून उडतो. टिकल्या एकमेकींसमोर सरळ येत नाहीत, तो दोष तर डोळ्यांनी दिसतो. म्हणून विकत घेताना दुकानातच डबी उघडा, पॉईंट मिटवून उजेडाकडे धरा. टिकल्यांमधून एका बाजूने उजेड दिसला तर तो परत द्या. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

किती काम असतं या टाचेला? बुलेटचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर कॅम निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस ठिणग्या. तासाला नव्वद हजार. पुण्याहून कोल्हापूरला सावकाश जायला चार तास धरले तर साडेतीन लाखांहून अधिक वेळा पॉईंट उघडतात आणि मिटतात. टू-स्ट्रोक जावाला तेवढ्याच फेऱ्यांना दुप्पट. एवढं राबणारा आणि दोन-तीन हजार किलोमीटरला एकदा फिलर गेजची पट्टी मागणारा हा भाग. त्याला नखरेल म्हणणं मला पटत नाही.

जावा-येझदीचं प्रकरण थोडं सोपं आणि थोडं अवघड. सोपं अशासाठी की पॉईंट उजव्या झाकणाखाली, समोर दिसतात, आणि प्लग सरळ उभा असल्यामुळे त्या भोकातून मोजपट्टी थेट पिस्टनवर टेकवता येते. बुलेटचा प्लग तिरका, तिथे ही चैन नाही. अवघड अशासाठी की जावाच्या सिंगल सिलिंडर गाड्यांत आपोआप पुढे सरकणारी वजनं नाहीत, टायमिंग एकदा लावलं की सगळ्या वेगांना तेच. म्हणून जावाचा आकडा तीन मिलिमीटरच्या आसपासचा आणि बुलेटचा एक मिलिमीटरच्या आतला. बुलेटवर शिकलेला मेकॅनिक जावाला बुलेटचा आकडा लावून बसतो आणि मालक म्हणतो, येझदीत दम राहिला नाही. १९८३ मध्ये आलेल्या राजदूत ३५० मध्ये, म्हणजे यामाहाच्या आरडी ३५० च्या आपल्याकडच्या अवतारात, दोन सिलिंडरांना दोन पॉईंट. दोन्हींचं टायमिंग वेगवेगळं लावायचं, आणि एक थोडं जरी चुकलं तरी एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत राहतो. लुना आणि राजदूत १७५ मध्ये पॉईंट फ्लायव्हीलच्या मागे, फ्लायव्हीलच्या खिडकीतून मोजायचे, आणि बदलायचे तर फ्लायव्हील ओढून काढायला पुलर हवा. पुलर नसलेल्यांनी हातोड्याने फ्लायव्हील ठोकून किती क्रँक वाकडे केले असतील, ते त्या विश्वकर्म्यालाच ठाऊक.

बुलेटवाल्यांचा एक वेगळाच आजार आहे, तो इथे नोंदवलाच पाहिजे. गाडी उभी असताना दोन ठोक्यांमध्ये श्वास घेता येईल इतकी संथ धडधड हवी म्हणून काही जण टायमिंग मुद्दाम मागे घेतात. चौकात चार पोरं वळून बघतात, खरं. पण उशिरा पडलेल्या ठिणगीमुळे मिश्रण जळत जळत सायलेन्सरमध्ये जातं, बेंड निळा पडतो, इंजिन तापतं, पेट्रोल जास्त जातं आणि घाटात गाडी रडते. त्यात इतक्या हळू चालणाऱ्या इंजिनाचा तेलाचा पंपही तितकाच हळू फिरतो. आवाजासाठी इंजिन खाणं हा शौक मला कधी समजला नाही. त्यापेक्षा स्पीकर लावा.

आता इलेक्ट्रॉनिक किटचा प्रश्न. पॉईंट काढून त्यांच्या जागी चुंबक आणि सेन्सर बसवणारे किट मिळतात. पॉईंटची झीज नाही, गॅप नाही, टाच नाही. चांगल्या किटवर गाडी वेगात जास्त नीट चालते, हे मान्य करायला हवं, आणि रोज ऑफिसला जुनी बुलेट नेणाऱ्याने ते बसवलं तर त्याच्यावर भुवया उंचावायचं कारण नाही. लोखंडी इंजिनाची बुलेट २०१० च्या सुमारास थांबली तेव्हा तिच्या जागी आलेलं इंजिन पॉईंटविरहितच होतं, आणि त्यासाठी कुणी शोकसभा घेतली नाही. पण किट गेलं तर ते गेलं. माळशेज घाटात, पावसात, रात्री आठ वाजता, त्याच्यात घासायला काही नसतं, बघायला काही नसतं. पॉईंट असता तर झाकण काढून, रुमालाने पुसून, कार्डाने गॅप देऊन पायथ्याच्या मोरोशीपर्यंत तरी उतरता आलं असतं. मला यात कुठलं तत्त्वज्ञान दिसत नाही, फक्त हिशेब दिसतो: रोजची शांतता हवी की अडचणीत सुटका हवी. ज्याने त्याने आपल्या रस्त्याप्रमाणे ठरवावं.

एका गोष्टीचा विचार मात्र आधी करावा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेल्या आणि मूळ स्वरूपात ठेवलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळू शकतो, नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नूतनीकरणाचं ५ हजार, मुदत दहा वर्षं. म्हणजे १९७५ च्या आधीच्या बुलेटी, जावा, सुरुवातीच्या येझदी आणि राजदूत आता या हद्दीत आल्या आहेत. अशी गाडी ठेवायचीच असेल तर ज्या पद्धतीने ती कारखान्यातून बाहेर पडली त्याच पद्धतीने तिची ठिणगी पडावी, असं माझं मत आहे. किट बसवायचंच असेल तर निदान मूळ प्लेट, वजनं, स्प्रिंगा आणि कॅम भंगारात देऊ नका. आज ते पन्नास रुपयांना जातात आणि उद्या पाच हजार मोजूनही मिळणार नाहीत.

दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले पुण्यासह अनेक शहरांत जमतात. त्या गर्दीत क्रोमच्या टाक्या झळकत असतात, रंग असा की नजर ठरत नाही. पण उत्सुकतेने एखाद्याला पॉईंटचं झाकण उघडायला सांगा, बऱ्याच जणांना ते नेमकं कुठे आहे हे शोधावं लागतं. रंग देणारे कारागीर मिळतात, सीटवर रेक्झिन चढवणारे मिळतात, पंधरा थाऊ ओळखणारे हात कमी होत चालले आहेत. उद्यमनगरच्या त्या मिस्त्रींकडे आता शिकाऊ मुलगा नाही. मागच्या मुलाने चारचाकीच्या शोरूममध्ये नोकरी धरली, तिथे पगार वेळेवर मिळतो. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

तेव्हा घरात जुनी गाडी असेल तर हे काम स्वतः शिकून घ्या. अवघड नाही. एक चांगला फिलर गेज घ्या, पॉईंटच्या नटाच्या आकाराचा एक लहान पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक बारीक ऑइल स्टोन. पॉईंट बदलताना कंडेन्सरही बदला. आधी गॅप लावा, मग टायमिंग, मग दोन्ही पुन्हा तपासा. आणि उतरवलेला जुना पॉईंट, त्याच्या वॉशरांसकट, एका चालू कंडेन्सरसोबत कापडात बांधून टूल बॉक्समध्ये ठेवा. तुम्हाला नाही लागला तर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला लागेल.